पोटावरचे बटण: अडीच वर्षांच्या वापरानंतर

माझी मुलगी सात वर्षांची आहे. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडल्यामुळे तिला सेरेब्रल पाल्सी झाली आणि तोंडातला घास सुरक्षितपणे गिळणे तिला जमत नाही. गेली अडीच वर्षे तिचे जेवण, पाणी आणि औषध पोटाच्या भिंतीतून थेट जठरात उघडणाऱ्या एका छोट्या साधनातून जाते. डॉक्टर त्याला लो-प्रोफाइल गॅस्ट्रोस्टॉमी म्हणतात. आमच्या घरात आणि फिजिओथेरपीच्या केंद्रात भेटणाऱ्या आयांमध्ये त्याला सरळ ‘बटण’ म्हणतात. हा आढावा त्या बटणाचा आहे. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण दोन वेगवेगळ्या कंपन्यांची मिळून सहा बटणे आम्ही वापरली आणि त्यांत सांगण्याजोगा फरक आम्हाला आढळला नाही. फरक पडला तो दुसऱ्याच एका गोष्टीने, आणि तीच सांगण्यासाठी हे लिहिते आहे: बटणाचा उपयोग किती, हे ते आपल्या घरी, आपल्या हाताने, रात्री-अपरात्री बदलता येते की नाही यावर ठरते.

त्याआधी चौदा महिने तिच्या नाकात राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी अन्नाची नळी, होती. ज्यांनी ही नळी घरात सांभाळली आहे त्यांना अधिक सांगायची गरज नाही. गालावर चिकटपट्टी लावून लावून कातडी सोलली गेली होती, नाकपुडीत जखम होती, आणि आठवड्यातून एकदा-दोनदा तिचा हात लागून नळी बाहेर येई. मग ती पुन्हा घालायची, घालताना तिने रडून निळे-काळे व्हायचे, आणि नळी पोटातच गेली आहे, फुफ्फुसात नाही, याची खात्री होईपर्यंत आम्ही श्वास रोखून बसायचे. नाकातली नळी चार ते सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ लागणार असेल तर पोटातून मार्ग करण्याचा विचार करावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आम्हाला हे चौदाव्या महिन्यात कळले, तेव्हा चार वर्षे उलटून गेलेल्या मुलीचे वजन साडेनऊ किलो होते आणि त्या हिवाळ्यात तिला दोनदा न्यूमोनिया होऊन गेला होता.

निर्णय घेणे सोपे गेले नाही. ‘‘अगं, लेकराच्या पोटाला भोक पाडायचं म्हणजे काय?’’ असे सासूबाईंनी विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण माझ्याही मनात तोच प्रश्न होता. मुलांच्या सर्जनांनी आम्हाला बसवून जे सांगितले त्याचा मला फार आधार वाटला. पोट न फाडता, दुर्बिणीच्या साहाय्याने जठरात नळी बसवण्याची ही पद्धत मोठ्यांसाठी शोधून मग मुलांसाठी लहान केलेली नाही. तिचा जन्मच एका बाळासाठी झाला. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात मायकेल गॉडरर या बालशल्यचिकित्सकाने आणि जेफ्री पॉन्स्की या दुर्बीणतज्ज्ञ सर्जनाने काही महिन्यांच्या एका बाळावर ती पहिल्यांदा केली. तोंडावाटे दुर्बीण जठरात न्यायची, तिचा उजेड पोटाच्या कातडीतून जिथे स्वच्छ दिसेल तिथे सुई घालायची, सुईतून दोरा आत सोडायचा, तो दुर्बिणीने पकडून तोंडावाटे बाहेर आणायचा आणि त्याला नळी बांधून ती तोंडातून आत व पोटातून बाहेर ओढून घ्यायची. आतल्या बाजूला नळीची छत्री अडकून राहते. याच पद्धतीला ‘पेग’ म्हणतात. पुढे १९८४ मध्ये गॉडरर यांनीच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कातडीच्या पातळीवर बसणारे बटण प्रसिद्ध केले. हे ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘‘म्हणजे लेकरांच्या डॉक्टरनंच काढलंय होय.’’ त्यानंतर त्यांनी विरोध केला नाही.

पेगची नळी पाच महिने होती. तिच्याविषयी मला तक्रार नाही. पोट आणि जठर एकमेकांना घट्ट चिकटून मार्ग पक्का होईपर्यंत तीच योग्य असते आणि ती वर्षभर किंवा त्याहून अधिकही टिकू शकते. पण बाहेर लोंबणारी वीत-दीड वीत नळी झग्यात गुंडाळून ठेवावी लागते, मूल पालथे पडले की ती ओढली जाते, आणि ती काढायची म्हणजे आतल्या छत्रीमुळे लहान मुलांना बहुधा पुन्हा भूल द्यावी लागते. आमच्या मुलीलाही द्यावी लागली. त्याच वेळी पहिले बटण बसवले.

बटणाची रचना समजून घेतली तर पुढचे सगळे सोपे जाते. बाहेर कोटाच्या बटणाएवढी सिलिकॉनची चकती, तिच्याखाली बोटाच्या पेरापेक्षाही आखूड दांडा आणि दांड्याच्या टोकाला जठराच्या आत राहणारा फुगा. चकतीच्या मधोमध फीडचे, म्हणजे नळीतून द्यायच्या अन्नाचे, तोंड असते, त्यावर झाकण, आणि आत एकाच दिशेने उघडणारी झडप. त्यामुळे जोडनळी काढली तरी पोटातले अन्न बाहेर येत नाही. चकतीच्या बाजूला फुग्यात पाणी भरण्याचे वेगळे, अरुंद तोंड असते. जेवणाच्या वेळी जोडनळी, म्हणजे एक्स्टेंशन, तोंडात घालून खुणा जुळवून फिरवली की ती अडकते. जेवण झाले की काढून ठेवायची. एरवी मुलीच्या अंगावर फक्त ती चकती. तिला पालथे झोपवता येते, आंघोळ घालता येते, कडेवर घेता येते. पहिल्या आठवड्यात मी तिला दिवसातून किती वेळा नुसते छातीशी धरले असेल याची गणती नाही, कारण इतके दिवस मध्ये सतत काहीतरी नळी होती. या एका गोष्टीसाठी बटणाला पैकीच्या पैकी गुण द्यायला माझी हरकत नाही.

माप मात्र नीट घ्यावे लागते आणि इथे दुकानदाराच्या भरवशावर राहू नये. बटणाला दोन मापे असतात. एक जाडी, ती ‘फ्रेंच’ या एककात सांगतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, त्यामुळे आमचे १४ फ्रेंचचे बटण साधारण ४.७ मिलिमीटर जाडीचे. दुसरे माप दांड्याच्या लांबीचे, सेंटिमीटरमध्ये, आणि खरी काळजी तिथेच घ्यायची असते. दांडा आखूड झाला तर चकती कातडीत रुतते आणि आत फुगा जठराच्या भिंतीवर दाब देतो; लांब झाला तर बटण आत-बाहेर हलत राहते, कडेने गळते आणि जखमेभोवती लाल मांस वाढते. बटण सहज गोल फिरले पाहिजे आणि चकती व कातडी यांत दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली पाहिजे. माप घेण्यासाठी वेगळे साधन असते आणि मुलाला झोपवून व बसवून अशा दोन्ही स्थितींत ते घ्यायचे असते, कारण बसल्यावर पोटाची भिंत जाड होते. दुसऱ्या खरेदीच्या वेळी एका विक्रेत्याने ‘‘१४ नंबर ना, मग हेच’’ असे म्हणून लांबी न विचारता बटण पाठवले. ते तीन मिलिमीटर लांब निघाले आणि महिनाभर आम्ही गळती पुसत बसलो. मुलीचे वजन वाढत गेले तशी आमची लांबी १.७ वरून २.० सेंटिमीटरवर गेली. आता दर चार महिन्यांनी आम्ही माप तपासून घेतो.

आता ती रात्र. पहिले बटण बसवून अकरा आठवडे झाले होते. आमचे गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात आहे. बालशल्यचिकित्सक असलेले रुग्णालय तिथून दोन तासांवर. रात्री साडेअकराला तिचा लंगोट बदलताना माझ्या हाताला ओल लागली आणि पाहिले तर बटण चादरीवर पडलेले, फुगा फाटलेला. पोटावर एक लहान, ओले, उघडे छिद्र. दवाखान्यातून घरी सोडताना जखम कशी पुसावी, फीड किती द्यावे, हे सांगितले होते; बटण बाहेर आले तर काय करावे, हे कोणी सांगितले नव्हते, आणि दुसरे बटण घरी ठेवावे हेही नाही. पक्का झालेला मार्गसुद्धा काही तासांत आवळत जातो, हे मला त्या रात्री गाडीत बसल्यावर फोनवरून कळले. तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी दार उघडले आणि लघवीसाठी वापरतात ती फोलीज कॅथेटर त्या छिद्रात घालून पाहिली. १४ नंबरची जाईना. १० नंबरची गेली. मार्ग बंद होण्यापासून वाचला, पण पुढचे तीन दिवस थोडी-थोडी जाड नळी घालत तो पुन्हा रुंद करावा लागला आणि प्रत्येक वेळी ती रडली. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. ज्यांनी आम्हाला न शिकवता घरी पाठवले त्यांच्यावरचा राग मात्र अजून गेलेला नाही.

हाच प्रसंग आठ महिन्यांनी पुन्हा आला, या वेळी दुपारी, शेजारचे लोक घरात असताना. कपाटात दुसरे बटण होते. मी हात धुतले, नव्या बटणाचा फुगा आधी बाहेर भरून तपासला आणि रिकामा केला, दांड्याला पाण्यात विरघळणारी जेली लावली, तिच्या रडण्याच्या दोन श्वासांमध्ये पोट सैल पडताच ते सरळ आत सरकवले आणि फुग्यात ५ मिलिलिटर पाणी भरले. मग जोडनळी लावून सिरिंजने थोडे ओढले, जठरातला पाचक रस आला, तो आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीवर टाकला, रंग ५.५ च्या खालचा, म्हणजे आम्लाचा, आला, म्हणजे नळी जठरातच होती. सगळे मिळून सात-आठ मिनिटे. तेच उत्पादन आणि तोच बिघाड, पण पहिल्या वेळी तीन दिवसांचे हाल आणि दुसऱ्या वेळी अर्धा कप चहा निवायलाही लागणार नाही एवढा वेळ.

इथे एक गोष्ट ठळकपणे लिहिणे माझे कर्तव्य आहे. हे घरी करायचे ते मार्ग पूर्ण पक्का झाल्यानंतरच आणि डॉक्टरांनी समोर बसवून शिकवल्यानंतरच. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, सर्वसाधारणपणे तीन महिन्यांपर्यंत, नळी निघाली तर घरी काहीही आत ढकलू नये. जठर पोटाच्या भिंतीपासून सुटलेले असेल तर नळी भलतीकडे जाते आणि तिच्यातून दिलेले अन्न पोटाच्या पोकळीत पडते. तेव्हा छिद्रावर स्वच्छ कापड ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे. आणि मार्ग पक्का असला तरी, नळी जागेवर आहे याबद्दल शंका असेल तर फीड सुरू करू नये.

फुगा हा या उत्पादनाचा सर्वांत नाजूक भाग आहे. तो कधी ना कधी फुटणारच. तीन ते सहा महिने चालला तर समाधान मानावे. आमचा सर्वांत कमी अकरा आठवडे टिकला आणि सर्वांत जास्त सात महिने. तो अचानक फुटला असे वाटते, पण बहुतेक वेळा आधी सूचना मिळते. दर रविवारी आम्ही बाजूच्या तोंडातून पाणी ओढून मोजतो. पाच भरले होते आणि साडेचार आले तर नवे पाच भरतो. तीन आले तर आणखी दोन-तीन दिवस रोज मोजतो, आणि पुन्हा घट दिसली तर बटण आपणहून बदलतो. पाणी निर्जंतुक किंवा डिस्टिल्ड असावे. सलाइन भरू नये, कारण मीठ साचून फुग्याच्या तोंडातली बारीक झडप बिघडते, आणि हवा तर मुळीच नको. मोजताना बटण बोटाने धरून ठेवावे, नाहीतर फुगा रिकामा होताच ते बाहेर सरकते.

खाण्याविषयी मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते, कारण नळीतून फक्त डब्यातली पावडरच द्यायची असते असा समज घेऊन अनेक घरे महिन्याकाठी मोठा खर्च करत राहतात. आमच्या आहारतज्ज्ञांनी अर्धे जेवण तयार फॉर्म्युल्याचे आणि अर्धे घरचे, असे ठरवून दिले. १४ फ्रेंचच्या बटणातून घरचे जेवण जाते, पण ते मिक्सरमधून अगदी मऊ काढून बारीक गाळणीने गाळावे लागते. मुगाचे वरण आणि मऊ भात, वाफवलेला भोपळा किंवा गाजर, दूध, दही हे सगळे चालते. नाचणीची गंमत अशी, की साध्या पिठाची लापशी गरम असताना पातळ दिसते आणि सिरिंजमध्ये थंड होईपर्यंत खळ होऊन बसते. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे सत्त्व वापरले तर तेवढेच पीठ घालूनही ती पातळ राहते, कारण मोडांमुळे पिठातली खळ मोडते. साजूक तूप मात्र आम्हाला सोडावे लागले. हिवाळ्यात ते जोडनळीच्या भिंतीला थिजून बसते. त्याऐवजी तेल घालतो. घरचे जेवण पातळ करण्याच्या नादात नुसते पाणी वाढत जाते आणि मूल पोट भरूनही उपाशी राहते, म्हणून प्रमाण आहारतज्ज्ञांकडूनच घ्यावे.

देण्याची पद्धत साधी आहे. दट्ट्या काढलेली मोठी सिरिंज जोडनळीला लावून हातभर उंच धरायची आणि अन्न आपल्या वजनाने उतरू द्यायचे. दोनशे मिलिलिटरला वीस मिनिटे लागतात आणि ती लागू द्यावीत. घाईने दाबले की तिला उलटी होते. डोके व छाती वर उचललेली ठेवावी, आणि जेवणानंतरही अर्धा तास तसेच बसवावे. शेवटी पाणी सोडून नळी धुवावी. औषधे एकेक करून, पूर्ण विरघळवून, दोन औषधांच्या मध्ये पाणी देऊन द्यावीत. एकदा फिटच्या गोळीची जाडसर पूड अडकली होती. कोमट पाणी हळूहळू पुढे-मागे करत ती पाऊण तासाने मोकळी झाली. पोट फुगले असेल तर जेवणाआधी रिकामी सिरिंज लावून वायू बाहेर येऊ द्यावा, कारण झडपेमुळे तो आपोआप निघत नाही. हे सगळे आमच्या घरात सासूबाई सर्वांत शांतपणे करतात. फीड चालू असताना त्या तिला गोष्ट सांगतात आणि गोष्ट संपली की जेवण संपते.

कातडीची निगा फारशी अवघड नाही. रोज साबण-पाण्याने धुणे, पूर्ण कोरडे करणे, बटण एकदा गोल फिरवणे, इतकेच. गॉजचे थर ठेवू नयेत. ओल धरून राहते. हळद लावा, राख लावा असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि ते प्रेमानेच सांगतात, पण आम्ही काही लावले नाही. लाल, ओले मांस एकदा वाढले होते. डॉक्टरांनी सिल्व्हर नायट्रेट लावून ते सुकवले आणि योग्य लांबीचे बटण बसल्यावर ते पुन्हा वाढले नाही.

दोष सांगायचे तर तीन आहेत. पहिला आणि गंभीर: फुग्याचे तोंड आणि फीडचे तोंड यांवरच्या खुणा फार बारीक आहेत. एकदा आमच्याकडे आलेल्या नातेवाईक बाई मदत म्हणून औषधाची सिरिंज फुग्याच्या तोंडाला लावत होत्या, मी वेळेवर पाहिले. लहान मुलाच्या साधनावर या खुणा रंगीत आणि ठळक असायला हव्यात. आम्ही घरी सगळ्यांना ‘बाजूच्या तोंडाला फक्त रविवारी हात लावायचा’ असे शिकवले आहे. दुसरा दोष झडपेचा. तीन-चार महिन्यांनी तिच्यावर अन्नाचा थर बसतो आणि झाकण उघडताच थेंब-थेंब गळते. तिसरा जोडनळीचा. नव्या पद्धतीच्या, एनफिट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तोंडाच्या जोडनळ्या शिरेच्या सलाइनच्या नळीला जोडताच येत नाहीत, त्यामुळे चुकून अन्न शिरेत जाण्याचा धोका टळतो आणि ते चांगलेच आहे. परंतु गावच्या औषध दुकानात मिळणारी सिरिंज त्यांना बसत नाही. खरेदी करताना जोडनळी आणि सिरिंज एकमेकींना लावून पाहावी.

किंमत हा या साधनाचा सर्वांत मोठा अडथळा आहे. एका बटणाला हजारो रुपये पडतात आणि वर्षाला दोन-तीन लागतात, उलट फोलीज कॅथेटर काही शे रुपयांत मिळते. म्हणून आपल्याकडे अनेक मुलांना कायमची म्हणूनही फोलीजच घातलेली दिसते. तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, आमच्या मुलीचा मार्ग तिनेच वाचवला. पण तिला बाहेर चकती नसल्यामुळे ती पोटात आत-आत सरकते आणि फुगा जठराच्या खालच्या तोंडाशी अडकून उलट्या सुरू होऊ शकतात. तेव्हा ती वापरणाऱ्यांनी कातडीच्या पातळीवर तिच्यावर पेनने खूण करून रोज पाहावी. बटणाविषयी माझे मत असे, की एकच घेण्याइतके पैसे असतील तर घाई करू नये. पेग चांगली चालली असेल तर ती चालू द्यावी आणि दोन घेता येतील तेव्हा बटणाकडे वळावे. एक पोटावर आणि एक पिशवीत, असा जोड नसेल तर हे साधन अपुरे आहे.

आमची पिशवी लहान आहे: त्याच मापाचे नवे बटण, दोन नंबर लहान अशी एक फोलीज, जेली, छोटी सिरिंज, निर्जंतुक पाण्याची कुपी, पीएच पट्ट्या, आणि जाडी, लांबी, फुग्यातले पाणी व शस्त्रक्रियेची तारीख मराठीत व इंग्रजीत लिहिलेला कागद. अडीच वर्षांपूर्वी आम्ही घर सोडून कुठे मुक्कामाला जात नव्हतो. मुलीचे वजन आता साडेपंधरा किलो आहे आणि या मे महिन्यात तिला घेऊन मी चार दिवस माहेरी, बेळगावला राहून आले. पिशवी उघडावी लागली नाही. आईने हापूसचा रस दोनदा गाळून, दूध घालून दिला, आणि गिळण्याच्या थेरपिस्टनी परवानगी दिली आहे तेवढा, बोटाच्या टोकाएवढा, तिच्या जिभेवरही ठेवला.